कुरसुरा, विशाखापट्टणम: पाणबुडीला पाच तारे, सहलीला दोन

विशाखापट्टणमला जाणार असाल तर आर. के. बीचवरची कुरसुरा पाणबुडी चुकवू नका, हे आधीच सांगून टाकते. पुढे बरीच कुरकुर आहे, ती वाचून कुणी बेत रद्द करायला नको. कुरकुर आहे ती आम्हाला तिथे घेऊन गेलेल्या सहल कंपनीबद्दल. कंपनीचं नाव लिहीत नाही. विशाखापट्टणम, अरकू, बोरा गुहा अशी सहल, बरोबर मराठी स्वयंपाकी, अरकूच्या डोंगरात दुपारी गरम वरणभात आणि शेवटच्या रात्री श्रीखंड-पुरी. जेवणाला नाव ठेवायला जागा नाही. पण बीच रोडवर बस थांबायच्या आधी टूर मॅनेजरने माईक घेतला आणि म्हणाला, "मंडळी, हीच ती पाणबुडी, जिने एकाहत्तरच्या युद्धात पाकिस्तानची गाझी बुडवली. आपल्याकडे अर्धा तास आहे. फोटो काढून घ्या, मग चहा."

टाळ्या पडल्या. कुरसुराने गाझी ही पाकिस्तानी पाणबुडी बुडवलेली नाही. त्या युद्धाच्या तोंडावर कुरसुरा बंगालच्या उपसागरात नव्हतीच, ती आपल्या बाजूला, अरबी समुद्रात गस्त घालत होती.

मी उरणच्या शाळेत इतिहास शिकवत होते आणि आमचे हे जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात डिझेल फिटर. दोघंही आता निवृत्त. अर्ध्या तासात ह्यांचं इंजिनसुद्धा बघून होईना. शेवटी दुसऱ्या दिवशी मोत्यांच्या दुकानाचा कार्यक्रम होता तो आम्ही सोडला आणि रिक्षाने परत बीचवर आलो. पुढचं सगळं त्या दुसऱ्या भेटीबद्दल.

आधी पाणबुडी. ९१ मीटर लांब, म्हणजे बाहेरून बघताना मान या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवावी लागते. १८ डिसेंबर १९६९ ला सोव्हिएत युनियनमधल्या रिगा बंदरात ती भारतीय नौदलात दाखल झाली आणि २७ फेब्रुवारी २००१ ला निवृत्त. मग किनाऱ्यावर ओढून आणून वाळूत काँक्रीटवर बसवली आणि २००२ पासून लोकांना खुली केली. बाहेरून ऐसपैस वाटते, आत शिरल्यावर कळतं की जागा सगळी यंत्रांची आहे, माणसं उरलेल्या फटीत. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल दरवाजे आहेत. आधी एक पाय, मग डोकं, मग दुसरा पाय, असं ओणवं होऊन जावं लागतं. गुडघे दुखत असतील तर आधीच विचार करा. माझ्या पुढच्या काकांचं डोकं दोनदा आपटलं.

या एवढ्या जागेत ७५ माणसं राहायची. पुढच्या अंगाला टॉर्पेडोच्या सहा नळ्या, मागच्या अंगाला चार, आणि एकूण २२ टॉर्पेडो न्यायची सोय. टॉर्पेडोच्या खोलीतच खलाशांचे बंक. उशाशी स्फोटकं घेऊन झोपायचं, तेही पाळीपाळीने. पेरिस्कोपपाशी गर्दी होते, तिथे थोडं थांबून पुढची टोळी जाऊ द्यावी. कितीतरी चाकं, तबकड्या, झडपा, नळ्या. पोरांना प्रत्येक चाक फिरवून बघायचं असतं आणि प्रत्येकाची आई मागून ओरडत असते.

वाटाडे म्हणून नौदलातून निवृत्त झालेली माणसं आहेत आणि या जागेची खरी श्रीमंती तीच. आम्हाला भेटले ते गृहस्थ हिंदी बोलणारे, आवाज मोठा, बहुतेक इंजिनांच्या सवयीने. ह्यांनी इंजिनाच्या कप्प्यात पाय रोवले. तीन डिझेल इंजिनं, तीन मोटरी, मागे तीन पंखे. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून पाण्यावर असताना किंवा नळी वर काढून ती चालवायची, बॅटऱ्या भरून घ्यायच्या, आणि खाली गेलं की बॅटरीवर गुपचूप सरकायचं. हे सगळं ह्यांना माहीत होतंच, तरी नव्याने ऐकलं. मग विचारलं, "साहेब, सुटे भाग कुठून यायचे?"

"रशियातून."

"आणि वेळेवर नाही आले तर?"

"मग शेजारच्या पाणबुडीतून," ते म्हणाले आणि हसले.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात खुद्द कुरसुराचेच भाग काढून तिची बहीण वागशीर चालती ठेवली होती. पुढे १९८० ते १९८२ या काळात सोव्हिएत युनियनमध्ये दुरुस्ती झाली तेव्हा कुठे ही पुन्हा पाण्यात उतरली. ह्यांचं म्हणणं असं की ज्या मशीनचा बोल्ट परदेशातून येतो त्या मशीनची अर्धी मालकी बोल्टवाल्याची. फिटरचं बोलणं आहे, पण परराष्ट्र धोरणावरच्या बऱ्याच व्याख्यानांत मी एवढं नेमकं ऐकलेलं नाही.

आम्ही उरणचे म्हटल्यावर ते गृहस्थ एकदम खुलले. "उरण? म्हणजे करंजा!" सोव्हिएत युनियनकडून चार पाणबुड्या आल्या त्यातली एक करंज, आमच्या शेजारच्या करंजा बेटाच्या नावाची. दुसरी खांदेरी, अलिबागसमोरच्या शिवाजी महाराजांच्या जलदुर्गाच्या नावाची. पहिली कलवरी, ८ डिसेंबर १९६७ ला दाखल झाली, म्हणून त्या तारखेला आजही पाणबुडी दिन असतो. एवढं ऐकून आमचे हे असे ताठ उभे राहिले की जणू करंज ह्यांनीच बांधली.

आता माझ्या विषयाकडे. नववीच्या वर्गात शीतयुद्ध शिकवताना दर वर्षी कुणीतरी पोरगं विचारायचंच, "बाई, युद्ध झालंच नाही तर धडा कशाला?" अमेरिका आणि रशिया समोरासमोर लढले नाहीत हे खरं. त्यांच्या वाटची युद्धं कोरियात, व्हिएतनाममध्ये, अंगोलात झाली, आणि त्यातला एक तुकडा या किनाऱ्यावर वाळूत ठेवलेला आहे. म्हणूनच त्या अर्ध्या तासाचा मला एवढा राग.

पाणबुडी हवी म्हणून भारत आधी पश्चिमेकडेच गेला होता. ब्रिटिशांशी बोलणी जमली नाहीत. पाकिस्तान मात्र अमेरिकेच्या लष्करी करारांत सामील झालेला होता आणि त्याला १९६४ मध्ये अमेरिकन नौदलाची डियाब्लो नावाची, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बांधलेली पाणबुडी भाडेकराराने मिळाली. तीच गाझी. १९६५ च्या युद्धात सगळ्या उपखंडात पाणबुडी एकच, तीही त्यांच्याकडे. त्याच वर्षी भारताने सोव्हिएत युनियनशी चार पाणबुड्यांचा करार केला. कुरसुरा त्यातली चौथी. म्हणजे ही इथे आली तिचं एक कारण गाझी, आणि गाझी कराचीला आली तिचं कारण मॉस्को. अमेरिकेला सोव्हिएत युनियनच्या दक्षिणेला मित्र हवे होते. त्या मित्रांच्या हातातली हत्यारं आपल्यावर रोखली जातील की नाही, हा वॉशिंग्टनच्या हिशेबात बारीकसा मुद्दा होता. सोव्हिएत मंडळीही कुणाची सोयरी नव्हती. ताश्कंदच्या करारानंतर, १९६८ मध्ये, त्यांनी पाकिस्तानलाही हत्यारं द्यायला सुरुवात केली होती. हे आपल्याकडे फारसं कुणी आठवत नाही.

गाझीचा शेवट झाला तो याच शहरासमोरच्या समुद्रात, ३ डिसेंबर १९७१ च्या मध्यरात्रीच्या सुमारास. ती कराचीहून निघाली होती आपल्या विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या मागावर. पाकिस्तानकडे नव्या फ्रेंच पाणबुड्या होत्या, पण एवढ्या लांब, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात यायची ताकद एकट्या गाझीत. नौदलाच्या पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल कृष्णन यांनी विक्रांत आधीच अंदमानकडे लपवून ठेवली होती आणि राजपूत नावाच्या विनाशिकेला विक्रांत असल्याची बतावणी करायला लावलं. आपलं म्हणणं, राजपूतने सोडलेल्या डेप्थ चार्जने, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बने, गाझी बुडाली. पाकिस्तानचं म्हणणं, ती स्वतःच पेरत असलेल्या सुरुंगाने बुडाली. आतली ९० हून अधिक माणसं गेली, त्याबद्दल वाद नाही. राजपूत ही दुसऱ्या महायुद्धातली जुनी ब्रिटिश विनाशिका, आणि गाझी त्याच युद्धातली अमेरिकन पाणबुडी. बांधली तेव्हा दोन्ही एकाच बाजूची होती.

त्या गाझीची आणखी एक गोष्ट मी वर्गात आवर्जून सांगायचे. १९६५ नंतर अमेरिकेने शस्त्रबंदी घातली, म्हणून तिची मोठी दुरुस्ती तुर्कस्तानात झाली. तुर्कस्तान नाटोतला, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी गटातला, त्याच्याकडे अमेरिकन पाणबुड्या, म्हणून तिथे कारागीर होते. पण १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धाने सुएझ कालवा बंद पडला, तेव्हा गाझीला आफ्रिका खंडाला वळसा घालावा लागला. एका प्रदेशातल्या भांडणाने दुसऱ्या प्रदेशातल्या भांडणाची वाट लांबवली. नकाशावर बोटाने हा मार्ग काढून दाखवला की मागच्या बाकावरची मुलंही पुढे येऊन बघायची.

कुरसुराने त्या युद्धात एकही जहाज बुडवलं नाही. तिला हुकूमच असा होता की ठरावीक व्यापारी मार्ग ओलांडायचे नाहीत आणि ओळख पक्की पटल्याशिवाय टॉर्पेडो सोडायचा नाही. टूर मॅनेजरला हे सांगितलं तर म्हणाला, "काकू, मग लोकांना काय सांगू? काहीच केलं नाही म्हणून?" अरे, हेच तर सांगायचं. समुद्रात जगभराची जहाजं होती. एक चुकीचं जहाज बुडालं असतं तर दोन देशांचं युद्ध दोन देशांचं राहिलं नसतं. आधीच ते तसं राहिलं नव्हतं.

जुलै १९७१ मध्ये अमेरिकन अध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानात पोटदुखीचं निमित्त करून गुपचूप पेकिंगला जाऊन आले होते. निक्सनना चीनचं दार उघडायचं होतं आणि दाराची किल्ली पाकिस्तानचे अध्यक्ष याह्याखान यांच्याकडे. पूर्व बंगालमध्ये काय चाललंय याकडे म्हणून काणाडोळा. ९ ऑगस्टला दिल्लीत स्वर्णसिंग आणि ग्रोमिको या दोन परराष्ट्रमंत्र्यांनी भारत-सोव्हिएत करारावर सह्या केल्या. (या पाणबुडी संग्रहालयाचं उद्घाटनही ९ ऑगस्टलाच झालं, २००२ साली. योगायोगच असावा.) डिसेंबरात युद्ध पेटल्यावर सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव येत राहिले आणि सोव्हिएत युनियन नकाराधिकार वापरत राहिला. १० डिसेंबरला निक्सन यांनी सातव्या आरमारातलं अणुशक्तीवर चालणारं एंटरप्राइझ हे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागराकडे धाडलं. ते आलं कुठून, तर व्हिएतनामसमोरच्या पाण्यातून. एका युद्धाच्या पाळीवरचं जहाज काढून दुसऱ्या युद्धावर पाठवलं. तिकडे व्लादिवोस्तोकहून सोव्हिएत ताफा पाणबुड्यांसह त्याच्या मागावर निघाला. एंटरप्राइझ उपसागरात शिरलं १५ च्या सुमारास आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली.

माझ्या पिढीच्या लोकांना "सातवं आरमार" हे दोन शब्द घरातल्या रेडिओवरून पाठ आहेत. माझे वडील बातम्या लागल्या की हाताने सगळ्यांना गप्प करायचे. कुरसुराच्या बाहेर उभं राहून समोर पाणी बघितलं की ते आरमार याच पाण्यात शिरलं होतं, एवढं जरी बसमध्ये कुणी सांगितलं असतं तर फोटो काढणारे हात जरा थांबले असते.

आणि नियंत्रण कक्षात गेलात तर आणखी एक आठवण ठेवा. कुरसुरा ज्या जातीची, त्या जातीला नाटोवाले फॉक्सट्रॉट म्हणत. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबाच्या पेचप्रसंगात सोव्हिएत युनियनने अशाच चार पाणबुड्या अटलांटिकमध्ये पाठवल्या होत्या, प्रत्येकीवर एक अण्वस्त्रधारी टॉर्पेडो. बी-५९ नावाच्या बोटीवर अमेरिकन विनाशिकांनी वर येण्याचा इशारा म्हणून छोटे स्फोट सुरू केले. आत बॅटऱ्या संपत आलेल्या, उत्तरेच्या थंड समुद्रासाठी बांधलेल्या बोटीत तापमान ४५ अंशांच्या वर, मॉस्कोशी संपर्क नाही. कप्तान साविट्स्की यांना वाटलं की वर युद्ध सुरू झालंय, आणि तो टॉर्पेडो तयार करायची भाषा झाली. त्यांना शांत करून वर यायला लावलं ते वासिली आर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने, असं सांगतात. तारीख २७ ऑक्टोबर. त्याच दिवसांत आपलं चीनशी युद्ध चाललेलं होतं. आर्खिपोव्ह ज्यात उभे होते ती खोली या खोलीसारखीच, एवढीच अरुंद. आमच्या मागे एक आजोबा नातवाला उचलून पेरिस्कोप दाखवत होते. मी त्यांना हे हिंदीतून सांगितलं, त्यांनी नातवाला तेलुगूतून सांगितलं. नातवाने विचारलं, टॉर्पेडो कुठे ठेवला होता? मुद्द्याचा प्रश्न.

रस्त्याच्या पलीकडे टीयू-१४२ विमानाचं संग्रहालय आहे, तेही बघा. अजस्र सोव्हिएत विमान, प्रत्येक इंजिनावर एकामागे एक असे दोन उलट फिरणारे पंखे. अमेरिकन पाणबुड्या शोधायला बनवलेलं. आपण आठ घेतली, १९८८ मध्ये ती गोव्यात दाबोळीला आली, पुढे तमिळनाडूत अरक्कोणमला गेली आणि २९ मार्च २०१७ ला निवृत्त झाली. त्यांची जागा घेतली पी-८आय या विमानांनी, आणि ती अमेरिकेच्या बोइंगची. ज्या रिगात कुरसुरावर तिरंगा चढला ते शहर आज लॅटव्हियाची राजधानी, आणि लॅटव्हिया २००४ पासून नाटोत. ह्यांना मी हे चहा पिताना सांगितलं. हे म्हणाले, "म्हणजे बोल्ट आता तिकडून आणायचे." सी हॅरियरचंही दालन आहे. तिथे आम्ही घाईत गेलो, पाय बोलायला लागले होते.

बीच रोडवरच, चालत जाण्याच्या अंतरावर, १९७१ च्या विजयाचं स्मारक आहे. पाणबुडी बघून मग तिथे गेलात तर क्रम बरोबर लागतो. आमच्या बसने ते खिडकीतून दाखवलं.

जाणाऱ्यांसाठी: सोमवारी बंद असतं, आणि बाकीच्या दिवशी वेळा बघून जा, सकाळी गृहीत धरू नका. रविवारी संध्याकाळी जाऊ नका, रांगेत अर्धा जीव जातो. मोठी पिशवी आत अडकते. साडी नेसून गोल दरवाजे पार होतात, पण निऱ्या हातात धराव्या लागतात, पंजाबी ड्रेस बरा. वाटाड्यांना प्रश्न विचारा. विचारलं की ते भरभरून सांगतात, आणि न विचारता पुढे सरकणाऱ्या गर्दीला त्यांनी तरी काय सांगावं? बाहेर आल्यावर मुरी मिक्श्चर खा, आपल्या सुक्या भेळेच्या जवळचं, कांदा-लिंबू जरा जास्त सांगा.

पाणबुडीला पाचपैकी पाच, ह्यांचे आणि माझे दोघांचे. सहल कंपनीला दोन, त्यातला एक श्रीखंडाचा. अभिप्रायाच्या कागदावर मी दोन्ही बाजू भरून लिहिलं. चार दिवसांनी त्यांच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला, खूप गोड बोलली, पुढच्या सहलीवर सवलत देऊ म्हणाली, व्हिएतनामची नवीन सुरू केलीय. तिथल्या युद्धातल्या कू चीच्या भुयारांना किती वेळ ठेवलाय, असं मी विचारलं. कार्यक्रमपत्रिका पाठवते म्हणाली. अजून आलेली नाही.